कुलूपवाल्याचा साडू

जिन्याखालच्या त्या दुकानात माणूस एकच मावतो, आणि तो आत शिरला की वारासुद्धा बाहेर ताटकळतो. पाठीमागच्या फळीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, पुढ्यात किल्ली कापायचं यंत्र आणि मध्ये कुलूपवाला. पितळेचा कीस त्याच्या भुवयांत, नखांत, कानाच्या पाळीत कायमचा बसलेला. त्याची बायको म्हणायची, "आमच्या घरात सोनं नाही, नवरा तेवढा चकाकतो."

माणूस कामाला चोख. त्याची एक रीत होती. नव्या बनावटीचं कुलूप आलं की ते विकायला मांडायच्या आधी हा ते स्वतः किल्लीविना उघडून बघायचा. समोर चहा ओतून ठेवायचा आणि तारेचे दोन तुकडे घेऊन बसायचा. चहा गार व्हायच्या आत कुलूप उघडलं, तर ते आल्या पावली परत. "आधी मी चोर, मग दुकानदार," असं तो सांगायचा. बाजाराला त्याचं मोठं कौतुक होतं.

आणि तोंडाचा गोड. किल्ली कापून होईपर्यंत गिऱ्हाईक करणार काय? यंत्राची घरघर ऐकत उभं राहणार. मग हा चोरांच्या गोष्टी सांगायचा. उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यातून आत शिरलेला आणि कमरेशी अडकून सकाळपर्यंत लोंबत राहिलेला चोर. घर साफ करून जाताना सवयीनं बाहेरून कडी लावून गेलेला चोर. माणसं एका किल्लीच्या कामाला यायची आणि दोन गोष्टी ऐकून जायची. पोलीसचौकीपेक्षा कुलूपवाल्याला चोरीतलं जास्त कळतं, असं बाजारात बोललं जायचं. तो ते ऐकायचा आणि मान खाली घालून किल्ली घासायचा, म्हणजे कसं, हसू दिसू नये.

बाजारातल्या दुकानदारांची वर्षातून एक सभा व्हायची. अध्यक्षांचं भाषण ऐकून लोक पेंगायला लागले की कुलूपवाल्याला उभं करायचे. 'चोरांपासून सावध' हा त्याचा ठरलेला विषय. त्या दिवशी तो कीस न लागलेला एकुलता एक सदरा घालायचा, भुवया ओल्या फडक्यानं पुसायचा आणि हातात ध्वनिक्षेपक आला की असा बोलायचा की मागं सभेचं जेवण रांधणारा आचारीसुद्धा पळी हातात धरून उभा राही. सभा संपल्यावर माणसं त्याचा हात हातात घेऊन दाबायची. वर्षभर जिन्याखाली वाकून बसणारा माणूस त्या दिवशी घरी ताठ चालत जायचा. बाकी त्याला काही नको होतं. खरंच नको होतं.

मग साडू बोलायला लागला.

साडू म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचं त्याचं काम. शिडीवर चढायचं, मीटरच्या काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसायची आणि आकडा मोठ्यानं ओरडायचा, एवढ्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्या ओरडण्यानं आवाज मात्र खणखणीत झालेला. बायको त्याला दाजी म्हणायची. तिच्या तोंडून शेजारणींनी उचललं, शेजारणींकडून गल्लीनं, गल्लीकडून बाजारानं. "अख्ख्या बाजाराचा दाजी झालाय," कुलूपवाला दातओठ खाऊन म्हणायचा. "म्हणजे सगळ्यांच्या बहिणी यानंच केल्या की काय!"

दाजीनं काय केलं, तर सकाळी कामाला निघण्याआधी फोनमध्ये बोलायला सुरुवात केली. जगात काल काय नवीन झालं ते वाचायचं आणि आपल्या भाषेत सांगायचं. आधी घरच्या गटावर टाकलं. तिथून ते गल्लीत गेलं. पुढं तर चहाच्या टपरीवर सकाळी पहिल्या घोटाबरोबर दाजीचा आवाज लागायचा:

"नमस्कार मंडळी! काल कुणा एका देशाचं यान चंद्रावर उतरलं आणि उतरताच कलंडलं. लोक हसतायत. हसू नका. मी भर बाजारात, सपाट जमिनीवर, शिडीवरून कलंडलोय. आणि मला खाली धरायला माणूस होता. त्या यानाला तिथं कोण धरणार?"

नाहीतर आभासी नाण्यांचं सांगायचा. "ही नाणी हाताला लागत नाहीत, खिशात वाजत नाहीत. तरी चोरांनी एका कंपनीची पोत्यानं नेली. पोत्यानं आपलं म्हणायचं, पोतंसुद्धा नव्हतं. तिजोरी फोडली नाही, दार तोडलं नाही. आतल्याच एका साहेबाशी गोड बोलून त्याच्याच हातानं कडी काढून घेतली. म्हणून सांगतो मंडळी, फोनचा गुप्त आकडा सख्ख्या बायकोलाही सांगू नका."

कुलूपवाल्याची बायको भाजी निवडता निवडता हे ऐकायची आणि खुदूखुदू हसायची. तो समोर जेवत असायचा.

"एवढं काय मेलं ऐकतेस?"

"दाजी चोरीचं सांगतायत."

"चोरीचं? अगं, चोरीचं मला विचार की! जन्म गेला माझा चोरांत."

"तुमचे चोर जुने झाले हो," ती देठ खुडत म्हणाली. "त्यांना अजून भिंतीवरून उडी मारावी लागते."

तिनं ते सहज म्हटलं. पण दुकानात येऊन त्यानं त्या दिवशी तीन किल्ल्या वाकड्या कापल्या.

मत्सर कसा असतो, तर दाढदुखीसारखा. तिथं जीभ लावू नये हे कळतं आणि जीभ तिथंच जाते. दाजीचा आवाज ऐकायचा नाही असं ठरवून कुलूपवाला सकाळी कान टवकारून बसायचा. तो कुठं चुकतो ते शोधायचा. चुकला नाही तर चिडायचा. चुकला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर आणखी चिडायचा. गिऱ्हाईकाला झरोक्यातल्या चोराची गोष्ट सांगायला घ्यावी, तर गिऱ्हाईक म्हणणार, "ते असू दे, आज दाजी काय म्हणाले ऐकलं का?"

अशात एक दिवस कापडवाला आला. हाच दुकानदारांचा अध्यक्ष. गोदामाची किल्ली करायला टाकली आणि म्हणाला, "यंदा सभेत जरा नवा विषय घेऊ म्हणतोय. फोनवरच्या फसवणुकी वगैरे. तुमच्या दाजींना बोलवा ना. पाहुणेच की तुमचे."

यंत्र थांबलं. "आणि माझं भाषण?"

"तुम्ही त्यांची ओळख करून द्या!" कापडवाला बक्षीस दिल्यासारखा म्हणाला. "घरचा माणूस ओळख करून देतो त्यात गोडवा असतो."

म्हणजे ज्यानं ताट ओढून घेतलं त्याला वाढायचंही यानंच.

आमंत्रण द्यायला कुलूपवाला साडूच्या घरी गेला. दाजी गुडघ्याला तेल चोळत बसला होता. ऐकून तो गडबडून उभा राहिला. "अहो, तुम्ही असताना मी काय बोलणार? मी शिडीवरचा माणूस. तुम्ही बोला, मी ऐकतो." आणि ते तो मनापासून म्हणत होता. हेच तर वाईट. त्यानं शिवी दिली असती तर कुलूपवाल्यानं सोसली असती. नम्रपणा काही त्याला सोसवेना. चहा अर्धा टाकून तो उठला.

वाटेत त्याच्या डोक्यात किडा वळवळला. नवं कुलूप विकण्याआधी आपण ते उघडून बघतो. मग हा बाजाराला शहाणपण विकायला निघालाय, तर हे कुलूप नको बघायला उघडून? यात पाप कसलं, ही तर आपली रीत! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं पडतं.

दुकानाच्या खणात एक जुना फोन पडून होता. त्यातला नंबर घरात कुणाला ठाऊक नव्हता. कुलूपवाल्यानं पुढ्यात चहा ओतला आणि तो लिहायला बसला. बक्षिसाचं लिहिलं, खोडलं. सोडतीत मोटार लागल्याचं लिहिलं, खोडलं. मग त्याची बोटं आपोआप चालायला लागली:

'महोदय, आपला आवाज आमच्या कानी आला. पृथ्वीवरच्या मोजक्या आवाजांत त्याची निवड झाली असून तो उपग्रहावरून दूर अवकाशात पाठवण्यात येईल. आवाज आपलाच आहे याची खात्री पटावी म्हणून आपल्या फोनचा गुप्त आकडा त्वरित कळवावा.'

निरोप पाठवून दिला. चहातून अजून वाफ निघत होती, तोवर उत्तर आलं. आकडा होता. त्याखाली लिहिलं होतं, 'मनःपूर्वक आभार. आवाज कोणत्या ग्रहापर्यंत जाईल तेही कळवल्यास बरे होईल.'

कुलूपवाला एकटाच इतका हसला की फळीवरच्या किल्ल्या किणकिणल्या. सख्ख्या बायकोला सांगू नका म्हणणारा हा! कापडवाल्याला दाखवू, म्हणू, घ्या, याच्याकडून शिका आता सावधपणा. त्या आकड्याचं करायचं काय हे त्याला माहीत नव्हतं आणि काही करायचंही नव्हतं. कुलूप उघडलं, काम झालं. दुकानाची फळी ओढून तो कापडवाल्याकडे निघणार, तोच समोरून बायको धावत आली. पदर वाऱ्यावर, डोळ्यांत पाणी.

"ऐकलंत का? दाजींचा आवाज अवकाशात जाणार!"

यानं ओढलेली फळी परत उघडली.

"निरोप आलाय त्यांना. पृथ्वीवरचे मोजके आवाज, त्यात आपले दाजी! ताई तर रडतेय नुसती. घरच्या गटावर बघा तरी."

गटावर अभिनंदनाचा पूर आलेला. आणि त्या पुरात सासूबाई. अंगठ्याच्या चित्राशिवाय ज्यांनी आजवर काही पाठवलं नव्हतं, त्या सासूबाई स्वतःच्या आवाजात बोलल्या होत्या: "जावई असावा तर असा."

सासूबाईंना जावई दोनच.

आता सांगावं तर कसं? दाजी फसला हे सांगायचं म्हणजे फसवलं कुणी हे सांगायला लागणार. हात दाखवून अवलक्षण! त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळ्यांना दाजीकडून चहा होता. मग तर तोंडच शिवलं गेलं. जो तो दुकानाशी थांबून विचारायचा, "काय हो, तुमच्या साडूंचा आवाज कुठवर जाणार?" औषधवाल्यानं तर किल्ली करायची नसताना येऊन विचारलं, "अवकाशात जाणार म्हणजे आपल्याला वर बघितल्यावर ऐकू येईल का?"

आणि मौज अशी, की कुलूपवाला खरोखर जळायला लागला. ग्रह नाही, उपग्रह नाही, सगळं खणातल्या फोनमधून निघालेलं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी रस्त्यातून मान वर करून चालणारा दाजी दिसला की हा पाठ फिरवून खिळ्यांवरच्या किल्ल्या मोजत बसायचा. हे खोटं आहे हे जाणणारा जगात एकच माणूस, आणि जळत होता तोच.

तिकडून दाजीचे निरोप सुरूच. 'आवाज पाठवताना काय बोलावे याबद्दल मार्गदर्शन व्हावे.' मग सरावाचं बोलणं आलं: "इकडच्या सर्व मंडळींकडून तिकडच्या सर्व मंडळींना नमस्कार." मग आणखी एक: 'माझे एक साडू आहेत. कुलपांतले मोठे जाणकार. बोलताना त्यांचा उल्लेख केल्यास चालेल काय?'

दुसऱ्या कुणाला हे वाचून पाझर फुटला असता. याचा तिळपापड झाला. "उपकार करतोय माझ्यावर!" तो खणाला म्हणाला आणि खण धाडकन लोटला.

सभा गोदामाच्या वरच्या मजल्यावर भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, करकरणारा ध्वनिक्षेपक, भिंतीवर कापडी फलक: 'आमचा आवाज अवकाशात!' त्यावर मीटरच्या शिडीवर उभ्या दाजीचा फोटो. पहिल्या रांगेत दोघी बहिणी नव्या साड्यांत. कुलूपवाला कीस नसलेला सदरा घालून आला होता, आणि सदऱ्याच्या खिशात तो जुना फोन. तो का घेतला हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

अध्यक्षांनी त्याच्या हातात ध्वनिक्षेपक दिला. ज्या जागी उभं राहून तो दरसाल बोलायचा तीच जागा. समोर तीच माणसं. पण सगळ्यांच्या नजरा त्याच्या खांद्यावरून मागं दाजीवर.

"हे माझे साडू," तो म्हणाला. "मीटर वाचतात."

"अवकाशाचं सांगा, अवकाशाचं!" कापडवाला मागून कुजबुजला.

"अवकाशाचं खोटं आहे," कुलूपवाला म्हणाला.

ध्वनिक्षेपक तेवढा करकरला.

"कोण म्हणतं?" औषधवाला उठून उभा राहिला.

"मी म्हणतो. निरोप मीच पाठवला होता." त्यानं फोन काढला आणि सगळं वाचून दाखवलं. 'महोदय'पासून 'त्वरित कळवावा'पर्यंत. आकडा मागितला आणि मिळालाही, हे आलं तशा सगळ्या माना दाजीकडे वळल्या. मागं कुणीतरी फिसकन हसलं. कुलूपवाल्याला वाटलं, आता पेटलं. पण माना वळल्या तशाच परत फिरल्या, आणि या वेळी त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात हसू नव्हतं.

"आकडा काय होता, तोही वाचा की!" मागून एक ओरडला.

कुलूपवाल्यानं फोन खिशात टाकला. "किल्लीचा नमुना मी मालकाशिवाय कुणाला दाखवत नाही."

"मग मालकाकडून काढून कशाला घेतलात?" चप्पलवाली म्हणाली. बाई तोंडानं फटकळ. सभा खदखदली, आणि कुलूपवाल्याचे कान तापले.

त्याच्या हातातून ध्वनिक्षेपक कुणी घेतला ते त्याला कळलंच नाही. दाजीनं घेतला होता. त्याचा चेहरा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा झालेला. त्यानं घसा खाकरला.

"नमस्कार मंडळी. रोज तुम्हाला सांगतो, आकडा सख्ख्या बायकोलाही सांगू नका. शब्द पाळला मी. बायकोला नाही सांगितला. ग्रहाला सांगितला."

हसण्याचा असा लोट आला की खिडकीतली कबुतरं उडाली. दाजी हसला नाही.

"आता कसा फसलो ते ऐका. मला काय अक्कल नाही? आहे. पण निरोप वाचला तेव्हा त्यातला आकडा मला दिसलाच नाही. मला माझा आवाज दिसला. जन्मभर लोकांच्या भिंतीवर ओरडलो, कुणी मान वर करून बघितलं नाही. कुणीतरी म्हटलं, तुझा आवाज वर न्यायचाय. मी दार उघडलं. दार कसलं, मी चौकटच काढून दिली. मंडळी, चोर कुलूप बघत नाही. तुम्ही कशाला भुकेले आहात, ते बघतो. तुम्ही आपापली भूक ओळखून ठेवा. मी आता ओळखली."

तो अर्धा तास बोलला. कुणी पेंगलं नाही. संपलं तेव्हा माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. कुलूपवाला कडेच्या खुर्चीत बसून बघत होता आणि त्याच्या मनात एकच चाललं होतं, की मी याला पाडायला खड्डा खणला, आणि हा मेला त्या खड्ड्यातून भाषण काढून वर आला! फसावं कसं, तर तेही यालाच जमावं!

घरी जाताना बायको चार पावलं पुढं. कोपरा वळल्यावर ती थांबली.

"एक विचारू? ते अवकाशाचं तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं."

"मोटार लागली असं नाही लिहिलंत. घबाड मिळालं असंही नाही. आवाजच कसा आठवला?"

"मग काय लिहायचं?" तो फणकारला. "आवाज वर जाणार म्हटल्यावर कोण सोडेल?"

बोलला आणि त्याला आपलीच जीभ चावावीशी वाटली. बायकोनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "हं," म्हणाली आणि चालायला लागली. चार दिवस तिनं त्याला वाढलं, बोलली नाही.

बाजारानंही वसूल केलं. औषधवाला आपल्या कुलपाचं काम पलीकडच्या बाजारात घेऊन गेला. चप्पलवाली किल्ली करायला आली ती यंत्राला नाक लावून उभी राहिली, एकच कापतोय की दोन, हे बघत. दाजी मीटर वाचायला यायचा, शिडी लावायचा, आकडा ओरडायचा आणि अनोळखी दुकान असल्यासारखा पुढं जायचा. कुलूपवाला "चहा?" म्हणायचा. दाजीची शिडी थांबायची नाही. असं बरेच महिने गेले. मग एकदा शिडीवरूनच उत्तर आलं, "साखर कमी." एवढंच.

पुढच्या सभेच्या आधी कापडवाला जिन्याखाली डोकावला. "गेल्या साली सभा काय रंगली! लोक अजून बोलतात. यंदा तसंच करू. तुम्ही दोघं मिळून. तुम्ही चोर व्हायचं, निरोप वाचायचा. दाजींनी फसायचं. लोकांना नीट कळतं असं करून दाखवलं की. दाजी तयार आहेत, मी विचारलं."

कुलूपवाल्यानं किल्ली डोळ्यापुढं धरली, दाते तपासले, फुंकर मारली.

"पहिलं कोण बोलणार?"

"चोरच की. चोर आधी आला नाही तर माणूस फसणार कसा?"

"मग ठीक आहे," कुलूपवाला म्हणाला.

जेवताना त्यानं बायकोला सांगितलं. मुद्दाम सहज सांगितल्यासारखं. यंदा सुरुवात माझी. दाजी नंतर.

"आणि टाळ्या?" तिनं विचारलं.

"टाळ्यांचं काय?"

"शेवटी बोलणाऱ्याला पडतात टाळ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तो कापडवाल्याच्या दारात उभा होता. चोराला शेवटी परत एकदा आणता येईल का, ते विचारायला.